साहेबाचं साल आणि आमचा पाडवा

लोकांच्या सुट्ट्या हा माझा धंदा होता. सणाच्या दिवशी ज्यांना हमखास काम लागतं अशी माणसं थोडी. हलवाई, भटजी, एस.टी.चा कंडक्टर आणि मी. पहिल्या तिघांना निदान लोक ओळखतात तरी. मला नोकरीभर पाहुणे नुसतं 'खानसामा' म्हणत. माझं नाव शंकर आहे हे पाहुण्यांना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही आणि निवृत्त झालो त्या दिवशी बंगल्यात एकही पाहुणा नव्हता, म्हणून त्या दिवशीही कळलं नाही.

मी मुळशीच्या तलावाकाठच्या डाकबंगल्यावर स्वयंपाकी होतो. आजच्या मुलांना डाकबंगला म्हटलं की भुताची गोष्ट आठवते, म्हणून सांगतो. दौऱ्यावर आलेल्या सरकारी साहेबांनी उतरायची ती जागा. दोन खोल्या, मधे जेवणघर, पुढं लांब व्हरांडा. स्वयंपाकघर मात्र बंगल्यापासून लांब, मागच्या अंगाला. साहेबाला धूर लागू नये म्हणून कुणा शहाण्यानं ते तिकडं बांधलं होतं. त्यामुळं माझ्या चुलीवरून साहेबाच्या टेबलापर्यंत जाताना सूप हिवाळ्यात निवायचं आणि पावसाळ्यात वाढायचं. एका साहेबानं आषाढात माझ्या सुपाची फार तारीफ केली होती. त्यात निम्मं श्रेय आभाळाचं होतं.

मी शिकलो पुण्याच्या लष्करात, म्हणजे कॅम्पात, एका गोवेकर कुकच्या हाताखाली. त्यानं मला सूप, कटलेट, रोस्ट आणि कस्टर्ड एवढं शिकवलं आणि म्हणाला, "बाबा, ह्याच्यापुढं साहेबाला काय कळत नाय." या चार खांबांवर मी नोकरी तोलून धरली. केक भाजायला भट्टी नव्हती. रॉकेलचा रिकामा डबा आडवा घालायचा, आत वाळू पसरायची, वर निखारे, खाली निखारे. केक वरून काळा व्हायचा, खालून काळा व्हायचा आणि मधे कच्चा राहायचा. मी कडा कापून मधला भाग कस्टर्डात बुडवायचो आणि त्याला 'पुडिंग' म्हणायचो. आमच्या धंद्यात पदार्थ बिघडला की त्याचं नाव बदलायचं असतं. इंग्रजी नाव असलं की साहेब विचारत नाही, उलट आपल्यालाच ठाऊक नाही म्हणून गप्प बसून खातो.

गावात माझा रुबाब मोठा. पांढरा कोट, पितळी बिल्ल्याचा पट्टा, डोक्याला साफा. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, नवं गाव डोंगराच्या अंगाला वर सरकून बसलेलं. बंगल्यापासून चालत गेलं तर एक दम लागायचा. तिथं माझी बायको शेवंता, आमची लेक आणि आई राहायची. मी आठवड्यातून एखादा फेरा घालायचो. पाराजवळून गेलो की लोक म्हणायचे, "शंकर साहेबाच्या तोंडचा घास करतुया." शेवंताचं मत वेगळं होतं. "साहेबास्नी खायाला घालताय म्हनं. घरात कधी पिठलं तरी हाटलंय का?" असं ती विचारायची. खरी गोष्ट अशी होती की मला पिठलं येत नव्हतं. भाकरी थापता येत नव्हती. गोवेकर कुकच्या चार खांबांत आमच्या घरचा एकही पदार्थ नव्हता.

सगळ्यांचं साल वर्षातून एकदा बदलतं, माझं तीन-तीनदा बदलायचं. एक साहेबाचं साल, डिसेंबर सरताना. एक सरकारचं, मार्च सरताना. आणि एक आपलं, पाडव्याला. शिवाय दिवाळी होतीच. प्रत्येक खेपेला लोक सुट्टी काढून माझ्याकडं यायचे आणि मी त्यांच्या आनंदाची भांडी घासायचो.

डिसेंबरअखेरीची पाहुणेमंडळी मला सगळ्यांत जास्त आवडायची, कारण त्यांना नक्की काय हवंय हे त्यांनाही माहीत नसायचं. गोरे साहेब लोक निघून गेले होते, पण त्यांची हौस मागं राहिली होती. एका वर्षी मुंबईची दोन जोडपी आली. नवीन वर्षाचा पहिला सूर्य तलावावर बघायचा, असा त्यांचा बेत. मला म्हणाले, "खानसामा, सूर्य उगवायच्या आत चहा घेऊन आम्हाला उठव."

मी उठवलं. चौघं शाली पांघरून व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसले. तलावावर धुकं असं, की तलाव आहे की कापसाचं गोदाम ते कळेना. आमच्या खोऱ्यात पूर्वेला डोंगर आडवा, त्यामुळं ऊन खाली उतरायला वेळ लागतो. त्यात धुकं. पहिला चहा झाला, दुसरा झाला. एका बाईंचे दात वाजायला लागले. त्यांच्या यजमानांनी मला विचारलं, जणू सूर्य माझ्या ताब्यातल्या सामानात होता, "अजून का उगवला नाही?"

मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं नवीन साल जरा उशिरा पोचतं. रस्ता कच्चा हाय."

ते हसले नाहीत. तिसऱ्या चहालाही सूर्य आला नाही. शेवटी चौघं आत जाऊन पुन्हा झोपले आणि ते घोरायला लागल्यावर धुकं फाटून असं लखलखीत ऊन पडलं, की आमचा चौकीदार म्हादूनाना म्हणाला, "उठवू का रं त्यास्नी?" मी म्हटलं, "नगं. पुन्हा चहा ठेवावा लागंल." त्या नवीन वर्षाचा पहिला सूर्य म्हादूनानानं आणि मी बघितला. आमच्या दोघांच्या नशिबात तसा काही फरक पडला नाही.

दिवाळीला एक निवृत्त न्यायाधीश यायचे. फटाक्यांचा आवाज सोसत नाही, नातेवाईक त्याहून सोसत नाहीत, म्हणून पुण्याहून पळून. "इथं मला दिवाळीचं नावही ऐकायचं नाही," असं आल्या आल्या बजावायचे. मी त्यांना पहिल्या दिवशी कटलेट द्यायचो, दुसऱ्या दिवशी रोस्ट. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र ते काठी टेकत मागं स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे आणि इकडंतिकडं बघून विचारायचे, "तुमच्या घरून एखादी चकली वगैरे आली आहे का हो?" आलेली असायची. शेवंता म्हादूनानाच्या हाती डबा धाडायची. न्यायाधीशमहाराज चुलीपुढं पाटावर बसून चकल्या फोडायचे आणि तेलकट बोटं पुसत म्हणायचे, "तुमच्या कटलेटमध्ये मात्र काही दम नाही." दरवर्षी हाच निकाल. अपील नव्हतं.

पण मला खरं सांगायचंय ते मार्चअखेरीचं.

सरकारचं साल मार्चला संपतं. वर्षभर जे साहेब कचेरी सोडत नसत, त्यांना मार्चमधे दौऱ्याची आठवण व्हायची. त्या वर्षी पाडवाही मार्च सरता सरताच आला होता. चार दिवस आधी आमचे ओव्हरशियर सायकलवरून आले. गोल अंगाचे, कायम घामेजलेले गृहस्थ. रस्त्याची कामं बघत आणि जाता-येता बंगल्यावर थांबून माझं कस्टर्ड खात.

"शंकर," ते खुर्चीत कोसळत म्हणाले, "मोठे साहेब येतायत. नवीन बदलून आलेत. फार कडक. पाडव्याच्या दिवशीच येणार, रात्री मुक्काम नाही, दुपारी जेवून परत."

"येऊ द्या की."

"येऊ द्या काय? तुझ्या जागेचाच विचार करायला येतायत. वर्षातून पाहुणे किती येतात इथं? चौकीदार पुरे आहे, स्वयंपाकी कशाला, असं वर चाललंय. तुझी जागा अजून हंगामी आहे, विसरलास का?"

मी विसरलो नव्हतो. इतकी वर्षं नोकरी करून मी हंगामीच होतो. सणासुदीला पिकणारं बोरसुद्धा माझ्यापेक्षा पक्कं.

"आणि हे बघ," ओव्हरशियर पुढं म्हणाले, "साहेब शुद्ध शाकाहारी. तुझं कोंबडी-बिंबडी काही नको. पाडवा आहे, पुरणपोळीच पाहिजे. साजूक तूप, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. जमेल ना?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अंगात पांढरा कोट होता. मी म्हणालो, "पुरणपोळी? तो तर डाव्या हाताचा खेळ."

ओव्हरशियर गेल्यावर मी डाव्या हाताकडं आणि उजव्या हाताकडं बघितलं. दोघांनाही काही ठाऊक नव्हतं.

मी मनाशी विचार केला, पुरण म्हणजे काय, तर डाळीचं पुडिंग. ज्यानं साहेबाला पुडिंग खाऊ घातलं त्याला डाळ काय जड? पौडच्या बाजारातून हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणला. डाळ शिजवली. पाणी जास्त राहिलं, ते मी सुपासारखं आटवत बसलो, तोवर डाळ बुडाला लागली. लागलेला वास जावा म्हणून वेलदोडा शोधला. वेलदोडा नव्हता. कपाटात व्हॅनिलाची बाटली होती. ती ओतली. नंतर कणकेत ते पुरण भरून लाटायला घेतलं, तर पोळपाटावर नकाशा तयार झाला. मधे तलाव, कडेनं डोंगर आणि जागोजाग धरण फुटलेलं. कशीबशी तव्यावर टाकली. निम्मी तव्याला राहिली, निम्मी मी म्हादूनानापुढं ठेवली.

म्हादूनाना माझ्याहून वयानं बराच मोठा. बंगल्याची राखण करत त्याचा जन्म गेला होता. पुढ्यात येईल ते खायचा, तक्रार म्हणून कधी केली नव्हती. त्यानं एक घास घेतला, चावायचं थांबवलं आणि बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघत राहिला.

"कसं हाय, नाना?"

"शंकर," तो म्हणाला, "ह्ये पोटात घ्यायचं हाय का अंगाला लावायचं?"

दुसऱ्या दिवशी मी कोट न घालता घरी गेलो.

शेवंता अंगणात शेणकाला करत होती. मला आडवारी आलेला बघून तिनं ओळखलं, की काहीतरी अडलंय. मी सगळं सांगितलं. साहेब, जागा, पुरणपोळी. व्हॅनिलाचं सांगितलं नाही.

ती हात धुऊन उंबऱ्यावर बसली. "म्हंजे पाडव्याला म्या तितं येऊन पोळ्या करायच्या?"

"एवढ्या खेपेला."

"आन् हितली गुढी कोन हुभारनार?"

 लग्न झाल्यापासून एकाही पाडव्याला मी घरी नव्हतो. गुढी शेजारचे दाजी येऊन उभारून द्यायचे. त्या वर्षी मी तिला शब्द दिला होता, की काही झालं तरी पाडव्याला घरी येईन. माझ्या आठवणीत तो शब्द जरा मागं पडला होता. तिच्या आठवणीत नव्हता.

"लोकाच्या बाया इचारत्यात," ती म्हणाली, "तुझा दादला हाय का न्हाई? म्या म्हनते, हाय की. साहेबाच्या घरी हाय."

आतून आईचा आवाज आला, "अगं जा. जागा गेली तर त्यो बारा म्हैनं घरात बसंल. त्याला कोन सांभाळनार?"

या एका मुद्द्यावर शेवंतानं विचार बदलला. नवरा सणाला घरी नसणं वाईट, पण तो रोज घरी असणं हे काय असेल, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं असावं. ती उठून उभी राहिली. "म्या यीन. पर गुढी संगं घिऊन यीन. घरातलं मानूस जितं, गुढी तितं. चालतंय का सांगा."

"सरकारी बंगला हाय तो, शेवंता."

"मंग सरकारलाच लाटायला लावा पोळ्या."

पाडव्याच्या दिवशी उजाडायच्या आधी आमची वरात आली. पुढं शेवंता डोक्यावर पाटा-वरवंटा घेऊन, मागं लेक साखरेची गाठी गळ्यात अडकवून, तिच्यामागं आई, आणि सगळ्यांत मागं दाजी खांद्यावर लांब वेळू घेऊन. व्हरांड्याच्या पहिल्या खांबाला वेळू बांधला. शेंड्याला शेवंताचं ठेवणीतलं हिरवं लुगडं, कडुनिंबाचा डहाळा, लेकीच्या गळ्यातली गाठी, वर पालथा तांब्या. ऊन डोंगरावरून उतरलं आणि तांब्यावर पडलं. मी पहिल्यांदाच आपल्या हातानं गुढीला हळदकुंकू लावलं. थोडी तिरकी झाली होती. शेवंता म्हणाली, "असू द्या. आपलीच हाय."

मग ती स्वयंपाकघरात शिरली आणि मला बाहेर काढलं. माझी तांब्याची भांडी, साचे, गाळणी बघून तिनं विचारलं, "एवढ्या पसाऱ्यात डाळ शिजवायचं पातेलं कंचं?" जाता जाता तिचा हात कोपऱ्यातल्या व्हॅनिलाच्या पुरणावर पडला. मी ते टाकून द्यायला विसरलो होतो. तिनं वास घेतला.

"ह्ये काय, औषध?"

"व्हय," मी म्हणालो. "ढेकणाचं."

तिच्या हातचं मी काय सांगावं. डाळ शिजून बोटानं चेपेल अशी झाली, वरचं पाणी आमटीसाठी बाजूला काढलं, पुरण पाट्यावर वाटताना तिच्या बांगड्या एका लयीत वाजत होत्या. पोळी तव्यावर टाकली की फुगायची आणि सगळ्या बंगल्यात वास सुटायचा. त्या वासावर ओव्हरशियर आले. साहेबांच्या आधी यायचं होतं हे खरं, पण ते फारच आधी आले होते. आले ते मागं स्वयंपाकघराशीच गेले, परत पुढं आले आणि मगच त्यांना गुढी दिसली.

"शंकर! हे काय?"

"गुढी, साहेब."

"ती दिसतेय मला. सरकारी इमारतीला परवानगीशिवाय काठी बांधतोस? त्यावर लुगडं? मोठे साहेब बघतील तर तुझ्याबरोबर माझीही जागा जाईल. काढ आधी ती."

मी खांबाकडं गेलोही. पण मागून शेवंता जेवणघराच्या दारात येऊन उभी राहिली. कपाळाला पीठ लागलेलं, हातात लाटणं. ती ओव्हरशियरांना काही बोलली नाही, मलाच म्हणाली, "गुढी सांज झाल्याबिगर उतरत न्हाई. उतरायची असंल तर पोळ्या बी उतरत्यात चुलीवरनं."

ओव्हरशियरांनी एकदा गुढीकडं बघितलं, एकदा स्वयंपाकघराच्या दिशेनं हुंगलं, आणि म्हणाले, "बरं, राहू दे. पण मी काही बघितलेलं नाही." असं म्हणून ते गुढीकडं पाठ करून बसले. तेवढ्यात वळणावर जीपचा आवाज आला.

मोठे साहेब उतरले. उंच, काटकुळे, पिकल्या मिशांचे. माझ्या नमस्काराला मान हलवली, खोल्या बघितल्या, कौलं बघितली, मोरी बघितली.  व्हरांड्यात आले आणि गुढीसमोर थबकले. ओव्हरशियर एकदम सुरू झाले, "साहेब, हे लोक अडाणी, ऐकत नाहीत, मी आत्ताच सांगत होतो—"

साहेबांनी हात वर केला. गुढीला नमस्कार केला आणि माझ्याकडं वळले. "ही तुमची?"

कुणी साहेब मला 'तुम्ही' म्हणेल याची सवय नव्हती. मी मागं वळून बघितलं, माझ्यामागं कुणी उभं आहे का. कुणी नव्हतं. "जी, घरची हाय," मी म्हणालो.

"प्रसाद आहे का?"

आईनं कडुनिंबाचा प्रसाद केला होता. पानं, गूळ, जिरं. साहेब म्हणाले, "गूळ नको. नुसती पानं द्या." आणि मूठभर कडू पानं शेंगदाणे खावेत तशी चावून खाल्ली. आई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

जेवणघरात मी पान वाढलं. मधोमध पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार. ओव्हरशियर शेजारच्या खुर्चीत, डोळे पोळीवर. साहेबांनी पानाकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे मला चालणार नाही. मला मधुमेह आहे. कळवलं होतं मी."

 मी ओव्हरशियरांकडं बघितलं. ते छताकडं बघत होते. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. साग्रसंगीत पुरणपोळी साहेबांनी मागितलीच नव्हती. मागितली होती ती या गोल माणसानं स्वतःसाठी. त्याची बायको माहेरी गेल्याचं मी ऐकलंच होतं!

साहेब पुढं म्हणाले, "तसदी घेऊ नका. मी पाडव्याला घरी थांबत नाही एवढंच. पत्नी गेल्यापासून सणाला घर नको वाटतं, म्हणून दौरे याच दिवशी काढतो. मला आपलं थोडं सूप मिळालं तरी पुरे. तुम्हाला येत असेल तर."

तुम्हाला येत असेल तर! मी ते पान ओव्हरशियरांपुढं सरकवलं आणि मागच्या अंगणातून असा पळालो, की साफा वाटेत पडला.

"शेवंता, ते डाळीचं पानी कुटं हाय? आमटी केली का?"

"फोडनी टाकतेय आत्ता."

"थांब! फोडनी टाकू नगं!"

ती लाटणं हातात धरून बघत राहिली. मी डाळीचं ते पाणी माझ्या तांब्याच्या भांड्यात घेतलं. गाजर होतं, कांदा होता. चिरून लोण्यावर परतला, त्यात पाणी ओतलं, दोनदा फडक्यातून गाळलं, मिरी कुटून टाकली, लिंबू पिळलं. पाव कापून त्याचे तुकडे तव्यावर खरपूस केले. माझे हात काय करतायत हे मला बघावं लागत नव्हतं. मागं शेवंताच्या पोळ्या थांबल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी काम करताना तिनं कधी बघितलंच नव्हतं. मी कपाळ पुसायला वळलो तेव्हा ती म्हणाली, "तुमी ह्ये रोज करता व्हय?" तिच्या आवाजात थट्टा नव्हती.  थट्टेला उत्तर द्यायची मला सवय होती, याची नव्हती. मी म्हणालो, "झाकनी दे."

ती नुसती झाकणी देऊन थांबली नाही. सूप वाटेत निवू नये म्हणून तिनं भांडं आपल्या पदरात गुंडाळलं आणि माझ्याबरोबर जेवणघराच्या दारापर्यंत चालत आली.

साहेबांनी पहिला चमचा घेतला, दुसरा घेतला, मग बशी तिरकी करून शेवटचा घोटही घेतला. "कसलं सूप हे?"

सवयीनं माझ्या तोंडात इंग्रजी नाव येऊ लागलं. पण दारात शेवंता उभी होती. मी म्हणालो, "साहेब, पानी हिच्या डाळीचं हाय. मी नुसतं गाळलं."

साहेब प्रथमच हसले. ओव्हरशियर मात्र हसले नाहीत. त्यांच्या तोंडात साहेबांच्या वाटणीची पोळी होती.

निघताना साहेब जीपमधे बसले आणि मला जवळ बोलावलं. "जागा राहील. कायम करायचंही बघतो. पण एक करायचं. पुढच्या वर्षापासून पाडव्याला बंगला बंद. मी आलो तरी उघडायचा नाही. तुम्ही घरी जायचं." मग ओव्हरशियरांकडं बघून म्हणाले, "आणि यांनाही घेऊन जा. यांना पोळी फार आवडते."

जागा कायम व्हायला पुढं बराच काळ गेला, कारण कागद पायी चालतात. साहेबांची बदलीही झाली. पण पाडव्याची सुट्टी लागू झाली ती झालीच.

पुढच्या पाडव्याला मी घरी होतो. गुढी मीच उभारली. ती उभारून झाल्यावर पुढं काय करायचं हे मला कळेना. सणाच्या दिवशी माणसं घरात काय करतात, हे मी कधी शिकलोच नव्हतो. तीनदा चुलीपाशी गेलो, तिन्ही वेळा शेवंतानं हाकललं. म्हशीला पाणी दाखवलं, तर ती आधीच प्यालेली. शेवटी ओटीवर कोट झटकत बसलो.

दुपारी पानं मांडली. आई बसली, लेक बसली, दाजी बसले. शेवंता वाढायला लागली आणि मी आपोआप भिंतीशी उभा राहिलो. कुणाला काय हवं नको ते बघत, दोन्ही हात मागं बांधून.

लेक हसायला लागली. शेवंतानं वर बघितलं. "काय करताय?"

"उभा हाय."

"ते दिसतंय. कुनाची वाट बघताय?"

 तिनं हातातलं ताट खाली ठेवलं, एक पाट ओढून मधोमध टाकला आणि म्हणाली, "बसा."

मी बसलो. मांडी घालताना गुडघे कुरकुरले. तिनं माझ्या पानात पोळी वाढली, तूप वाढलं आणि बाजूला उभी राहिली. माझी जी उभं राहायची जागा असते, बरोबर तिथं.

मी मान वर करून म्हणालो, "तू बी बस की."

ती म्हणाली, "एकानं तरी उभं ऱ्हाया नगं का? वाढनार कोन?"

"आपलं आपुन घिऊ."

तिनं थोडा विचार केला. मग पातेलं, तुपाची वाटी, आमटी, सगळं उचलून आमच्या मधे आणून ठेवलं, पदर सावरला आणि माझ्यासमोर बसली. मी पातेलं तिच्याकडं सरकवलं. सगळेजण नुसते जेवत होते.